ग्रामीण दवाखान्यातील सुरक्षितता: सुई, वाफ आणि वारा

भारतातील खेड्यात ज्याला दवाखाना म्हणतात त्याचे रूप सर्वत्र सारखे नसते. कोठे ते सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्र असते. सपाट प्रदेशात तीस हजार व डोंगराळ किंवा आदिवासी भागात वीस हजार लोकसंख्येमागे असे एक केंद्र असावे, असा नियम आहे. कोठे ते एका परिचारिका-प्रसविकेच्या हवाली असलेले दोन खोल्यांचे उपकेंद्र असते, कोठे बाजाराच्या रस्त्यावरील भाड्याच्या गाळ्यात डॉक्टराने थाटलेला खासगी व्यवसाय, तर कोठे सेवाभावी संस्थेने चालविलेले दहा-वीस खाटांचे रुग्णालय. या सर्वांत एक गोष्ट मात्र समान असते. तेथे माणसे थोडी, कामे पुष्कळ आणि पाणी, वीज व वाहन यांचा भरवसा कमी असतो. मोठ्या शहरातील रुग्णालयात जंतुसंसर्ग रोखण्यासाठी स्वतंत्र समिती असते, तिचा स्वतंत्र अधिकारी असतो. खेड्यात तेच काम ड्रेसिंग करणारा हात, औषध देणारा हात आणि जमीन पुसणारा हात यांनाच करावे लागते. पुष्कळदा हे तिन्ही हात एकाच माणसाचे असतात.

रोग्याची सुरक्षितता आणि कर्मचाऱ्याची सुरक्षितता हे दोन वेगळे विषय आहेत अशी समजूत अनेकदा आढळते. वस्तुतः तसे नाही. ज्या सुईमुळे एका रोग्याचे रक्त दुसऱ्या रोग्याच्या शरीरात जाते तीच सुई संध्याकाळी झाडूवाल्या बाईच्या बोटात शिरते. ज्या कोंदट खोलीत खोकणाऱ्या माणसाशेजारी तापाने फणफणलेले मूल बसते त्याच खोलीत परिचारिका वर्षानुवर्षे दिवसाचे आठ तास काढते. रोगी येतो आणि जातो, कर्मचारी तेथेच राहतो. म्हणून दवाखान्यातील प्रत्येक निष्काळजीपणाचा शेवटचा हिशेब बहुधा त्याच्याच नावे मांडला जातो.

या विषयाचा आरंभ सुईपासूनच करावा लागतो, कारण भारतातील ग्रामीण वैद्यकव्यवसायात इंजेक्शनाला औषधापेक्षा अधिक प्रतिष्ठा आहे. पाच-सहा मैल चालून आलेल्या रोग्याला नुसती गोळी हातात घेऊन परत जाणे पटत नाही. सुई टोचली म्हणजे काहीतरी उपचार झाला, अशी त्याची भावना असते. डॉक्टरालाही ते ठाऊक असते. आपण नाही म्हटले तर हाच रोगी शेजारच्या गाळ्यात जाईल, हेही त्याला ठाऊक असते. त्यामुळे साधा ताप, अंगदुखी, अशक्तपणा अशा तक्रारींवर, जेथे तोंडाने घ्यावयाचे औषध पुरेसे असते किंवा औषधाची गरजच नसते, तेथेही इंजेक्शन दिले जाते. २००२ ते २००४ या काळात देशभर घेतलेल्या एका व्यापक पाहणीत असे अनुमान निघाले की, भारतात वर्षाला सुमारे तीन अब्ज इंजेक्शने दिली जातात आणि त्यांपैकी सुमारे ६३ टक्के कोणत्या ना कोणत्या कारणाने असुरक्षित असतात. तेव्हा सुरक्षिततेचा पहिला नियम सुई कशी टोचावी हा नसून सुई टोचण्याची गरज आहे काय, हा आहे. जे इंजेक्शन दिलेच नाही त्यापासून कोणालाही अपाय होत नाही.

असुरक्षित सुई काय करू शकते याचे सर्वांत दारुण उदाहरण इजिप्तमध्ये घडले. नाईल नदीच्या खोऱ्यातील शेतकऱ्यांना पाण्यातील कृमींपासून होणाऱ्या एका जुनाट रोगाने ग्रासले होते. त्यावर उपाय म्हणून १९५० च्या दशकापासून १९८० च्या दशकाच्या आरंभापर्यंत तेथे इंजेक्शनांची मोठी मोहीम चालविण्यात आली. हेतू शुद्ध होता, औषधही त्या काळी उपलब्ध असलेले योग्य औषध होते. परंतु काचेच्या सिरिंजा रांगेतील एकामागून एका रोग्याला वापरल्या जात आणि त्या नीट उकळल्या जात नसत. ज्या यकृतदाहाला आज ‘सी’ प्रकारचा म्हणतात त्याचे विषाणू अशा रीतीने खेड्यांमागून खेड्यांत पसरले. त्या विषाणूचे नावही तेव्हा कोणाला माहीत नव्हते, त्याचा शोध १९८९ मध्ये लागला. एका रोगापासून मुक्त झालेल्या लोकांच्या यकृतात दुसरा रोग वीस-तीस वर्षे गुप्त राहिला आणि मग प्रकट झाला. हे सर्व वैद्यकीय सेवकांच्या हातून घडले.

भारतातील उदाहरणे अधिक जवळची आहेत. २००९ च्या आरंभी गुजरातमधील मोडासा परिसरात ‘बी’ प्रकारच्या काविळीची मोठी साथ आली आणि तिच्यात ऐंशीहून अधिक माणसे दगावली. वापरलेल्या सिरिंजा पुन्हा वापरल्या गेल्याचे तपासात दिसून आले. २०१८ मध्ये उत्तर प्रदेशातील उन्नाव जिल्ह्यात बांगरमऊ भागातील चाळीसहून अधिक लोकांच्या रक्तात एचआयव्हीचा विषाणू आढळला. परवाना नसलेला एक माणूस गावोगाव हिंडून स्वस्तात इंजेक्शने देत असे आणि एकच सुई अनेकांना वापरीत असे, असा संशय तेव्हा व्यक्त झाला. या दोन्ही घटनांत रोगी कोणत्या तक्रारीसाठी आले होते? बहुतेक सर्दी, खोकला, ताप यांसाठीच.

येथे एका भ्रमाचे निरसन करणे आवश्यक आहे. अनेक कंपाउंडर प्रामाणिकपणे असे मानतात की, सुई बदलली म्हणजे पुरे, सिरिंज तीच चालेल. हे खरे नाही. सुई काढताना नळीत सूक्ष्म प्रमाणात रक्त मागे ओढले जाते. ते डोळ्यांना दिसत नाही, पण विषाणूला तेवढे पुरते. ‘बी’ काविळीचा विषाणू तर वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. त्याचप्रमाणे अनेक मात्रांच्या औषधी कुपीच्या झाकणात एक सुई कायम खोचून ठेवण्याची आणि तिच्यातूनच दिवसभर औषध ओढण्याची पद्धतही तितकीच घातक आहे. कुपी एकदा दूषित झाली की तिच्यातील प्रत्येक मात्रा दूषित होते. प्रत्येक वेळी नवी सुई, नवी सिरिंज आणि पुसलेले झाकण, याला पर्याय नाही. शासकीय लसीकरण कार्यक्रमात २००५ पासून जी सिरिंज आली तिचा दट्ट्या एकदा खाली गेला की अडकून बसतो व पुन्हा मागे ओढता येत नाही. माणसाच्या सद्‌बुद्धीवर न विसंबता वस्तूच्या रचनेतच सुरक्षितता बसविण्याचा हा मार्ग फार मोलाचा आहे. उपदेशापेक्षा अडकलेला दट्ट्या अधिक उपयोगी पडतो.

आता हीच सुई टोचून झाल्यावर काय होते ते पाहू. सर्वसाधारण सवय अशी की, एका हातात सुई आणि दुसऱ्या हातात टोपण धरून ती बंद करावयाची. नेमक्या याच क्षणी सुई बोटात शिरते. ज्या रोग्याच्या रक्तात विषाणू आहे त्याला टोचलेली सुई आपल्याला लागली, तर ‘बी’ कावीळ होण्याचा धोका लस न घेतलेल्या माणसाला शेकडा ६ ते ३० इतका असतो. ‘सी’ प्रकारात तो सुमारे शेकडा दोन आणि एचआयव्हीच्या बाबतीत हजारात तीन एवढा मानला जातो. लोकांना भीती मात्र उलट्या क्रमाने वाटते. एचआयव्हीच्या नावाने ज्यांचा थरकाप होतो तेच कर्मचारी काविळीची लस घेण्याचे वर्षानुवर्षे टाळतात. ही लस पहिल्या दिवशी, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी अशा तीन मात्रांत दिली जाते. ती डॉक्टर व परिचारिका यांना बहुधा मिळते. सफाई कामगाराला ती आठवणीने दिली जातेच असे नाही, आणि सुईशी त्याची गाठ तर सर्वांत शेवटी व सर्वांत असावधपणी पडते.

म्हणून सुईला पुन्हा टोपण लावू नये. ती जागच्या जागी सुई कापण्याच्या यंत्राने कापावी आणि भोसकली न जाणाऱ्या पांढऱ्या, पारदर्शक डब्यात टाकावी. हा डबा इंजेक्शन देणाऱ्याच्या हाताच्या टप्प्यात असला पाहिजे. तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवला तर उघडी सुई हातात घेऊन खोली ओलांडावी लागते. तीन-चतुर्थांश भरला की डबा बंद करावा, दाबून दाबून भरू नये. सुई लागलीच तर जखम साबण व वाहत्या पाण्याने धुवावी, ती पिळू नये, बोट तोंडात घालू नये. नंतर ताबडतोब, शक्य तर दोन तासांच्या आत आणि कोणत्याही परिस्थितीत बहात्तर तासांच्या आत, प्रतिबंधक औषधाचा निर्णय व्हावयास हवा. ते औषध अठ्ठावीस दिवस घ्यावे लागते. ते कोठे मिळते, तेथे जाण्यास शेवटची गाडी किती वाजता आहे, हे प्रत्येक केंद्राच्या भिंतीवर आधीच लिहिलेले असावे. रात्री नऊ वाजता सुई लागल्यावर ही चौकशी सुरू करणे व्यर्थ असते.

दवाखान्यातील कचऱ्याबाबत १९९८ मध्ये प्रथम नियम झाले आणि २०१६ मध्ये ते नव्याने करण्यात आले. रक्ताने भरलेले बोळे व वार यांसाठी पिवळी पिशवी, सलाइनच्या नळ्या, सुया काढलेल्या सिरिंजा व हातमोजे यांसाठी लाल, धारदार वस्तूंसाठी पांढरा डबा आणि काचेसाठी निळा, अशी रंगांची विभागणी त्यांत आहे. हा कचरा सामान्यतः अठ्ठेचाळीस तासांपेक्षा अधिक काळ साठवू नये. परंतु जेथे कचरा नेणारी गाडी पोहोचतच नाही अशा दुर्गम भागात खोल पुरण्याचा खड्डा आणि सुयांसाठी बांधीव, झाकणबंद खड्डा, यांची मुभा नियमांनीच दिली आहे. तो विहिरीपासून दूर, कुंपण घातलेला आणि पुराचे पाणी न शिरणारा असला पाहिजे. उघड्यावर कचरा पेटवून देणे ही सर्रास दिसणारी रीत मात्र अत्यंत वाईट होय. त्यात प्लास्टिक विषारी धूर ओकते आणि सुया जशाच्या तशा राखेत उरतात. त्या राखेतून भंगार वेचणाऱ्या मुलांचे पाय मग आपोआपच दवाखान्याच्या जबाबदारीत येतात.

हातांविषयी फार लिहिण्याची गरज नाही, कारण ती गोष्ट १८४७ मध्येच सिद्ध झाली. व्हिएन्नातील प्रसूतिगृहात सेमेलवाइस या डॉक्टराने शवविच्छेदन करून येणाऱ्या विद्यार्थ्यांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुवावयास लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. तरी त्याच्या समकालीनांनी त्याचे ऐकले नाही. खेड्यातील अडचण ज्ञानाची नसून पाण्याची आहे. बादलीत मग बुडवून, त्याच टमरेलाने सर्वांनी हात धुणे आणि खुंटीवरच्या एकाच ओल्या पंचाला पुसणे, याने हात स्वच्छ होण्याऐवजी एकमेकांचे जंतू वाटले जातात. तोटी बसविलेला साधा पिंप हा त्यावर स्वस्त उपाय आहे. जेथे तेवढेही पाणी नाही तेथे, हात दिसण्याइतके मळलेले नसतील तर, अल्कोहोलचे मिश्रण हातावर वीस ते तीस सेकंद चोळले तरी काम भागते. ते जिल्हा पातळीवर तयार करता येते.

निर्जंतुकीकरणाच्या बाबतीत उकळणे आणि वाफेच्या दाबाखाली ठेवणे यांतील भेद स्पष्ट समजून घ्यावा लागतो. उकळत्या पाण्यात बहुतेक जंतू व विषाणू मरतात, परंतु धनुर्वातासारख्या रोगाच्या जंतूंची बीजाणू नावाची कवचधारी अवस्था टिकून राहू शकते. शिवाय पाणी सर्वत्र सारख्या उष्णतेला उकळत नाही. समुद्रसपाटीवर ते शंभर अंशांना उकळते, तर लेहसारख्या साडेतीन हजार मीटर उंचीवरच्या गावी सुमारे अठ्ठ्याऐंशी अंशांनाच. दाबाच्या बंद भांड्यात मात्र वाफ १२१ अंशांपर्यंत तापविता येते. त्या उष्णतेला व पंधरा पौंड दाबाला उघडी उपकरणे वीस मिनिटे व कापडात गुंडाळलेली तीस मिनिटे ठेवावी लागतात. ही मिनिटे स्टोव्ह पेटविल्यापासून नव्हे, आतील हवा निघून जाऊन काटा त्या दाबाला पोहोचल्यापासून मोजावयाची असतात. पुष्कळ ठिकाणी गफलत होते ती येथेच. बाहेर रोग्यांची रांग वाढत असते, केरोसिन संपत आलेले असते आणि घड्याळाकडे पाहणारे कोणी नसते.

घाईचा हा प्रश्न केवळ कंपाउंडरपुरता नाही. ८ नोव्हेंबर २०१४ रोजी छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात, बंद पडलेल्या एका रुग्णालयाच्या इमारतीत कुटुंबनियोजनाचे शिबिर भरले आणि तेथे एकाच शल्यविशारदाने काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया केली. दिवसाला तीसहून अधिक शस्त्रक्रिया करू नयेत, असा शासनाचाच दंडक होता. त्या दिवसांत जिल्ह्यातील शिबिरांत शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांपैकी तेराजणींचा मृत्यू झाला. कारण भेसळीचे औषध की जंतुसंसर्ग, याबाबत मतभेद झाले. परंतु एका उपकरणाने इतक्या थोड्या वेळात इतक्या शस्त्रक्रिया करावयाच्या तर मधल्या काळात ते उपकरण निर्जंतुक होणे शक्य नव्हते, हे समजण्यास कोणत्याही चौकशी समितीची आवश्यकता नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचे निर्देश दिले. उद्दिष्टाचा आकडा वरून येतो, वाफेला लागणारी वीस मिनिटे मात्र वरच्या हुकमाने कमी होत नाहीत. शेवटच्या बाईला ‘आज नको, परवा या’ असे सांगण्याचा अधिकार त्या जागी कोणालाच नव्हता, आणि खरी उणीव तीच होती.

सुई आणि उपकरण यांना निदान आकार असतो. वाऱ्याला आकार नाही, म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष होते. क्षयाचा जंतू खोकल्यातून बाहेर पडून बारीक कणांवर तासन्‌तास तरंगत राहतो, हे रायली आणि वेल्स यांनी १९५० च्या दशकात बाल्टिमोर येथे सिद्ध केले. क्षयरोग्यांच्या कक्षातील हवा त्यांनी नळातून गिनिपिगांच्या पिंजऱ्यांत सोडली. त्या प्राण्यांचा रोग्यांशी अन्य कोणताही संबंध नसताना त्यांना क्षयाची बाधा झाली. भारतात याचा अर्थ काय होतो, हे सेवाग्राम येथील ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासावरून कळते. तपासणी केलेल्या ७२६ आरोग्यसेवकांपैकी सुमारे चाळीस टक्क्यांच्या शरीरात क्षयाचा सुप्त संसर्ग आढळला, आणि नोकरीची वर्षे वाढत गेली तसे त्याचे प्रमाण वाढत गेले. सुप्त संसर्ग म्हणजे रोग नव्हे, हे खरे. परंतु तो शरीरात बसलेला उधारीचा बोजा असतो, प्रकृती खालावली की वसुलीला येतो.

यावरचा उपाय जवळजवळ फुकट आहे. पेरूची राजधानी लिमा येथील आठ रुग्णालयांत झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, दारे-खिडक्या उघडल्या असता खोलीतील हवा तासाला सुमारे अठ्ठावीस वेळा बदलते. महागड्या यांत्रिक व्यवस्थेत ती बारा वेळा बदलत होती. उंच छताच्या आणि मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारती या बाबतीत नव्या इमारतींपेक्षा सरस ठरल्या. आपल्याकडील जुन्या कौलारू दवाखान्यांना असलेला ओसरीसारखा रुंद व्हरांडा हाही याच दृष्टीने पाहिला पाहिजे. अलीकडे अनेक ठिकाणी तो सिमेंटच्या भिंतीने बंद करून त्याची ‘प्रतीक्षागृहे’ केली जातात आणि त्यांत पंखा लावला जातो. पंखा हवा फिरवितो, बदलीत नाही. खोकणाऱ्या रोग्याला बाहेर झाडाखाली बसविणे आणि त्याला रांगेत पुढे घेऊन लवकर मोकळे करणे, हे त्याच्या हिताचे आणि सर्वांच्याच हिताचे आहे. मात्र ते त्याला अपमान वाटणार नाही अशा शब्दांत सांगावे लागते, आणि गावात हे कौशल्य डॉक्टरापेक्षा आशा कार्यकर्तीकडे अधिक असते.

औषधांच्या कपाटाबद्दल एक-दोन गोष्टी सांगावयास हव्यात. सीरियातील इदलिब प्रांतात २०१४ मध्ये गोवराची लस कालविण्याच्या द्रावाऐवजी स्नायू शिथिल करणारे औषध चुकून वापरले गेले आणि पंधरा बालके मृत्युमुखी पडली. दोन्ही कुप्या एकाच शीतपेटीत शेजारी शेजारी होत्या. ज्या कपाटात लस असेल त्यात दुसरे औषध ठेवू नये, हा नियम कंटाळवाणा वाटतो तो अशा वेळेपर्यंतच. कालविलेली गोवराची लस चार तासांनंतर फेकून द्यावी लागते, मग कुपीत कितीही मात्रा उरल्या असोत. नाव विचारतानाही हीच सावधगिरी लागते. एका गावात एकाच नावाच्या चार-पाच स्त्रिया सहज निघतात, म्हणून नुसते नाव न विचारता नवऱ्याचे किंवा बापाचे नाव आणि वस्ती विचारावी. तेही ‘तुम्हीच ना अमुक?’ असे नव्हे, कारण गर्दीत रोगी कशालाही होकार देतो. त्याच्या तोंडून नाव वदवून घ्यावे.

पेनिसिलीन, सर्पविषावरील लस किंवा कोणतेही इंजेक्शन देण्यापूर्वी अॅड्रेनालिनची कुपी हाताशी हवी. एखाद्याला तीव्र प्रतिक्रिया येऊन रक्तदाब कोसळू लागला तर प्रौढाला अर्धा मिलिलिटर अॅड्रेनालिन मांडीच्या स्नायूत द्यावे लागते, आणि त्यासाठी हाती मिनिटेच असतात. अनेक केंद्रांत ही कुपी असते. पण ती कुलूपबंद कपाटात असते आणि किल्ली तालुक्याच्या बैठकीला गेलेल्या माणसाच्या खिशात असते. तेव्हा आणीबाणीच्या औषधांचा ट्रे उघड्यावर, झाकून ठेवावा. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला त्यातील प्रत्येक कुपीवरची मुदत पाहून वहीत सही करावी, आणि ही सही आळीपाळीने सर्वांनी, सफाई कामगारासह, करावी. त्याला अक्षरे वाचता येत नसतील तर आकडे वाचता येतात, आणि मुदत आकड्यांतच छापलेली असते.